तळटीप १४ : ‘कोपरा ओलांडणे’
१४. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत सरकारी जमिनीवर परवाना काढून शिकार करता येते. अडचण असते ती तिथवर पोचण्याची. १८६२च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना लोहमार्गालगतचे एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे मिळाले, उरलेले सरकारकडे राहिले. बुद्धिबळाच्या पटासारख्या या रचनेत दोन सरकारी चौकोन फक्त कोपऱ्यात टेकतात. २०२१ साली वायोमिंगमधील एल्क माउंटन येथे चार शिकाऱ्यांनी अशा कोपऱ्यावर लोखंडी शिडी उभी केली आणि खासगी मातीला पाय न लावता ते पलीकडे उतरले. तरीही त्यांच्यावर खटला झाला. ज्युरीने २०२२मध्ये त्यांना निर्दोष ठरवले.

जमीनमालकाचा दावा होता की जमिनीवरची हवाही त्याचीच. मालकी हक्काची ही बाजू पोकळ नाही; पण ती इथे पूर्ण मान्य केली, तर हजारो एकर सार्वजनिक जमीन एकाच माणसाचे खासगी शिकारक्षेत्र बनते, आणि क्षणभर पाऊल हवेतून गेल्याने त्याचे नुकसान काय झाले, हे सांगता येत नाही. मार्च २०२५मध्ये संघीय अपील न्यायालयानेही शिकाऱ्यांच्याच बाजूने निकाल दिला. आधार होता सरकारी कुरणांना कुंपण घालणाऱ्या पशुपालकांविरुद्ध केलेल्या १८८५च्या कायद्याचा. हा निकाल वायोमिंग, कोलोरॅडो, युटा आदी सहा राज्यांपुरता बंधनकारक आहे. मोंटाना त्यांत येत नाही, म्हणून वरील उताऱ्यातला शिकारी कोपऱ्यापाशी येऊन माघारी फिरतो.