वेढ्यांचा हिशेब

गावच्या जत्रेत कर्णा वाजू लागला की माणसे कर्ण्याकडे पाहतात. टेबलाखाली जे यंत्र ठेवलेले असते, त्याकडे कोण पाहतो? त्या यंत्रातही सर्वांत जड आणि सर्वांत मुका भाग म्हणजे ट्रान्सफॉर्मर. मुका म्हटले खरे, पण कान जवळ नेला तर तो मंद गुणगुणत असतो. दिवाळीच्या निमित्ताने त्याचीच कुळकथा सांगावी म्हणतो.

या कुळाचा मूळपुरुष मायकेल फॅरडे. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनमध्ये त्याने एका लोखंडी कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळली. तेव्हा वेष्टणाची तार बाजारात मिळत नसे. त्याने वेढ्यांच्या मध्ये दोरा आणि सुती कापड घातले. एका वेटोळ्याला बॅटरी जोडली की दुसऱ्याकडची चुंबकसूची हलायची, बॅटरी सोडवली की पुन्हा हलायची. दोन्ही तारांचा एकमेकींना स्पर्शसुद्धा नव्हता! म्हणजे हे वाइंडिंग हातानेच झाले. पुढे १८८५ साली बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील झिपेरनोव्स्की, ब्लाथी आणि देरी या तिघांनी त्याला व्यवहारी रूप दिले, आणि ट्रान्सफॉर्मर हे नावही तेथेच पडले.

आमच्या कुंडलच्या मातीला या विद्येचा शेजार जुना आहे. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसवला, तो कुंडल रोड स्टेशनाजवळच. त्या स्टेशनालाही पुढे किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले. लोखंडी नांगरापासून निघालेले हे घराणे १९४६ साली बंगलोरला विजेच्या यंत्रांच्या धंद्यात उतरले. आसपासच्या खेड्यांतली पोरे नांगर धरण्याबरोबर पाना धरायलाही शिकली, ती या शेजारामुळे.

आणि याच काळात मुंबईत एक निराळेच यंत्र गुणगुणत होते. २७ ऑगस्ट १९४२ पासून ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ बोलू लागला. उषा मेहता तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या. सभांना कर्णे पुरवणाऱ्या शिकागो रेडिओच्या नानक मोटवाने यांचे या कामी साहाय्य होते. जागा बदलत बदलत हा आवाज १२ नोव्हेंबरपर्यंत टिकला. आतल्याच एका तंत्रज्ञाने पोलिसांना ठिकाण दाखवले, असे उषाबाईंनी पुढे सांगितले. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. इकडे कुंडलला नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारचे निरोप मात्र पायी जात, माणसाच्या तोंडून आणि शाहिराच्या डफावरून.

कर्ण्याचे राज्य आमच्याकडे त्यानंतर आले. मी पाचवीत असताना शेजारचे आप्पा, कारखान्यातून निवृत्त झालेले, मंडळाच्या जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरसाठी घरीच ट्रान्सफॉर्मर गुंडाळत. व्हॉल्व्हच्या पोटात तापण्यासाठी ६.३ व्होल्ट, आणि काम करण्यासाठी अडीचशे-तीनशे. घरात मात्र २३०. आप्पांचे गणित सोपे होते: ४५ ला गाभ्याच्या चौरस सेंटिमीटरांनी भागा, की एका व्होल्टला लागणारे वेढे मिळतात. दहा चौरस सेंटिमीटरांचा गाभा म्हणजे साडेचार वेढे. २३० व्होल्टला १०३५. तापणाऱ्या तारेला २८, आणि तारेत होणारी घट भरून काढायला वर एखाददुसरा. बॉबिन लाकडी हँडलवर चढवून आप्पा फिरवत, मी तार सोडत मोठ्याने मोजत असे. दर थरावर कागद, वर वार्निश, मग ई आणि आय आकाराच्या पट्ट्या.

एकदा माझ्या हातात तार मुडपली. खिळ्यावर घासून इनॅमल निघाले. मला दिसले, आप्पांना दिसले नाही. रागावतील म्हणून मी पुढचा आकडा म्हटला. वर वेढे चढले, कागद चढला, सगळे झाकले गेले.

तपासणीला आप्पांनी ट्रान्सफॉर्मर शंभराच्या दिव्याच्या सिरीजला लावला. नीट असता तर दिवा जेमतेम लाल झाला असता. तो लख्ख पेटला, आणि वार्निशचा जळका वास सुटला. दोन वेढे आत एकमेकांना भिडले होते. हजार वेढे बरोबर असून उपयोग नव्हता. "कुठं?" आप्पांनी एवढेच विचारले. मी खरे सांगितले. ते रागावले नाहीत; मला समोर बसवले, आणि सारी तार आम्ही उलटी सोडवली. ती जागा सापडायला रात्रीचे अकरा वाजले. "पहिल्यांदाच बोलला असतास, तर कागदाचा एक तुकडा पुरला असता," एवढे म्हणून त्यांनी तार नव्याने गुंडाळायला घेतली.

आज आप्पा नाहीत. मी वर्गात इतिहास शिकवतो. मुलांना भाषणे आणि लढाया पाठ असतात. ती सांगताना एखादी अडचणीची गोष्ट वगळून पुढचा आकडा म्हणावा, असा मोह मलाही होतो. तेव्हा तो लख्ख पेटलेला दिवा आठवतो, आणि मी थांबून मुडपलेली तार मुलांना दाखवतो.