आडोशाचं पाणी आणि वाऱ्याचा आकडा

लोणावळ्याहून पवनानगरकडे उतरलं की तुंग-तिकोन्याच्या मध्ये पवना धरणाचं पाणी दिसतं. फेब्रुवारीतल्या सकाळी त्यावर साधी सुरकुतीही नसते. "हा काय समुद्र आहे? कुठलीही बोट चालेल," असं काठावर कोणीही म्हणेल. माझा विषय याच वाक्यापाशी सुरू होतो. अमुक पाण्याला अमुक बोट चालते, हे माणसांनी कशावरून ठरवलं?

कोकणात याचं उत्तर पंचांगात होतं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून पुन्हा पाण्यात लोटायच्या. आकडा नाही, मोसम.

आकडा आणला इंग्रजी आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टने, १८०६ च्या जानेवारीत, आपल्या रोजनिशीत. १८३८ मध्ये त्याची श्रेणी सगळ्या ब्रिटिश आरमाराला लागू झाली. आता गंमत बघा. त्या तक्त्यात वाऱ्याचा वेग कुठेच नाही! ४ म्हणजे सगळी शिडं उभारलेलं लढाऊ जहाज शांत पाण्यात ५ ते ६ नॉट चालेल एवढा वारा. १२ म्हणजे कुठलंच शीड टिकणार नाही असा. म्हणजे आकडा वाऱ्याचा, पण माप जहाजाचं. वाऱ्याच्या वेगाशी त्याची पक्की सांगड विसाव्या शतकात घातली गेली.

मला हे उशिरा कळलं. पहिल्या वर्षी १८४० नंतरची लॉगबुकं वाचताना जिथे ४ दिसला, तिथे मी सरळ आजचे ताशी २० ते २८ किलोमीटर लिहीत गेले. गाईड मॅडमनी तक्ता पाहून एकच विचारलं, "अगं, यांनी वारा मोजलाय की शिडं?" तीन महिन्यांचं काम गेलं.

हौशी बोटींच्या बाबतीत गोष्ट पुढे सरकते ती युरोपात. १९९४ च्या युरोपीय नियमांत बोटींचे चार वर्ग होते आणि त्यांना पाण्याची नावं होती: महासागर, किनाऱ्यापासून दूर, किनाऱ्यालगत आणि आडोशाचं पाणी. २०१३ च्या नियमांनी ही नावं काढून टाकली, कारण त्यांनी वापरणाऱ्याची दिशाभूल होऊ शकते. उरली फक्त ए, बी, सी, डी ही अक्षरं आणि वारा-लाटांच्या मर्यादा. सी म्हणजे ब्यूफर्ट ६ पर्यंतचा वारा आणि २ मीटरपर्यंत लाटा. डी म्हणजे ४ पर्यंतचा वारा आणि लाटा फक्त ०.३ मीटर, क्वचित अर्धा मीटर.

पवनेचं पाणी जुन्या नावाने बघितलं तर बाराही महिने 'आडोशाचं'. पण मे महिन्यात दुपारी वळीव उठला की तो डीच्या मर्यादेत राहीलच असं नाही, आणि नाव तर तेच असतं. ते नाव का वगळलं, हे मला नियमाच्या मजकुरापेक्षा धरणाच्या काठावर जास्त चांगलं समजलं.

तो तक्ता आता पुन्हा भरतेय. प्रत्येक आकड्याशेजारी दोन रकाने वाढवलेत: नोंदीचं साल आणि जहाजाचा प्रकार.