आकड्यावरून माणूस ओळखताना

आपल्या पत्त्यातला पिनकोड पाहा. महाराष्ट्रातलं कुठलंही गाव असो, पहिला आकडा ४ असणार. गोव्याचा तोच, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचाही तोच. १९७२ साली ही पद्धत आली ती टपालाची छाननी सोपी व्हावी म्हणून. आता समजा, एखाद्याला नागपूरहून निनावी पत्रांचा त्रास होऊ लागला आणि त्यानं पोस्टमनला बजावलं, '४नं सुरू होणाऱ्या गावांहून आलेलं काहीच मला देऊ नका.' पणजीच्या मावशीचं पत्रही मग परत जाणार!

इंटरनेटवर असंच घडलं. तिथल्या प्रत्येक यंत्राला क्रमांक असतो. ० ते २५५ यांमधल्या चार संख्या, मध्ये टिंबं. असे एकूण सुमारे ४३० कोटी क्रमांक होतात. सुरुवातीला ते मागेल त्याला दिले जात. १९९३ मध्ये ठरलं की १९४-१९५नं सुरू होणारे युरोपला, २००-२०१चे दक्षिण व मध्य अमेरिकेला आणि २०२-२०३चे आशिया-पॅसिफिकला द्यायचे. माहिती कुठल्या वाटेनं धाडायची याचे तक्ते फार फुगू लागले होते. एका भागाचे क्रमांक एकत्र असले की बऱ्याच नोंदींचं काम एका नोंदीत भागतं. पाठवणारा माणूस कुठला, हे ओळखणं हा त्यामागचा हेतूच नव्हता.

नको असलेल्या जाहिराती मात्र त्याआधीपासूनच्या. ३ मे १९७८ रोजी एका अमेरिकी संगणक कंपनीच्या विक्रेत्यानं सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात धाडली. नव्वदीच्या दशकात त्याचा पूर आला. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी उपद्रवी यंत्रांच्या क्रमांकांची यादी सर्वांसाठी खुली केली. पण यादीत नाव चढेपर्यंत जाहिरातवाले दुसऱ्या यंत्रावर जात. वैतागलेल्या काही व्यवस्थापकांनी मग २००१-०२च्या सुमारास चीन आणि कोरियाचे क्रमांक सरसकट बंद केले. काहींनी तर आशियाचे अख्खे गट.

कोरियाच का? २००० सालाअखेर दक्षिण कोरियातल्या सगळ्या शाळा इंटरनेटला जोडल्या गेल्या होत्या. त्यांतल्या अनेक यंत्रांची मांडणी अशी होती की कुणाही परक्याचं टपाल ती मुकाट्यानं पुढे ढकलत. शाळेत संगणक पोचला, पण तो सांभाळायला शिकलेला माणूस पोचला नाही. (ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे.) जाहिरातवाल्यांनी अशी यंत्रं शोधून काढली. पुष्कळदा पत्र टाकणारा अमेरिकेत, शिक्का मात्र कोरियातल्या प्राथमिक शाळेचा! आणि दार बंद झालं ते शाळेला.

चूक फक्त आशियाच्या बाबतीतच झाली असंही नाही. डिसेंबर २००४ मध्ये व्हेरायझन या अमेरिकी कंपनीनं युरोपातून येणारी बरीचशी मेल अडवली. ग्राहक कोर्टात गेले आणि २००६ मध्ये कंपनीनं भरपाई मान्य केली.

आज संकेतस्थळं चालवणारेही हाच उपाय वापरतात. ज्याचे सारे ग्राहक एकाच शहरातले, अशा दुकानदारानं संकट आलं असताना तो केला तर मी त्याला दोष देणार नाही. पण फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठ्यातले क्रमांक संपले. आता ते विकले जातात, एका खंडातले दुसऱ्या खंडात जातात. देशवार याद्या त्यामुळे सतत शिळ्या होतात. शिवाय दुसऱ्या देशातल्या यंत्रामार्फत येणाऱ्याला त्या अडवूच शकत नाहीत.

२००३ मध्ये मी विद्यार्थी असताना परदेशातल्या एका प्रयोगशाळेला नमुन्यांविषयी लिहिलं. मेल तीनदा परत आली. आमच्या संस्थेचा क्रमांक २०२नं सुरू होई. शेवटी अमेरिकेतल्या एका फुकट मेलसेवेवर खातं उघडलं, त्याच खुर्चीत बसून तोच मजकूर धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं होतं.