भाजलेला भोपळा

अमेरिकेत राहणाऱ्या मुला-नातवंडांकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाऊन आलेल्यांना हा पदार्थ ठाऊक असेल. भोपळा उभा चिरायचा, बिया चमच्याने खरवडून काढायच्या, कापलेल्या बाजूला तेल-मीठ चोळायचे आणि पालथा घालून ट्रे ओव्हनमध्ये सरकवायचा. चारशे अंश फॅरनहाइट (म्हणजे आपले साधारण दोनशे सेल्सिअस), पाऊण तास. झाले! ना मेथीची फोडणी, ना गूळ, ना दाण्याचे कूट. ताटात मुख्य पदार्थाच्या शेजारी त्याची एक फोड वाढायची. आपल्याकडच्या हिशेबाने डाव्या बाजूचा पदार्थ.

यात स्वयंपाक तो काय, असे आपल्याकडची कुणीही सुगरण विचारील. प्रश्न रास्त आहे. मला सापडलेले उत्तर असे की यातला बराचसा स्वयंपाक आधीच होऊन गेलेला असतो. तो बियाण्यात झालेला आहे, आणि त्याला काही हजार वर्षे लागली. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. शाळेत इतिहास शिकवताना राजे आणि लढायाच इतक्या होत्या की भोपळ्याची पाळी कधी आलीच नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. तिकडे याला 'विंटर स्क्वॉश' म्हणतात, म्हणजे हिवाळी भोपळा. पण तो हिवाळ्यात पिकत नाही. वेल उन्हाळ्यात वाढतो, फळ थंडीच्या तोंडाशी उतरवतात, आणि साल जाड व टणक असल्यामुळे ते हिवाळाभर टिकते, म्हणून हिवाळी. काढल्यावर काही आठवडे ठेवले तर आतल्या पिष्टाची हळूहळू साखर होते आणि ते अधिक गोड लागते. भाजताना पाणी उडून जाते, गोडी आटते आणि ट्रेला टेकलेली कड तांबूस होते. उकडला तर नेमके उलटे होते, गोडी पाण्यात जाते. तिकडच्या दुकानात मिळणारा 'बटरनट' आणि आपल्या मंडईतला लाल भोपळा हे शास्त्रीय दृष्ट्या एकाच जातीचे आहेत, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते.

आणि ही जात मुळात आपली नाही. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचण्यापूर्वी लाल भोपळा भारतातच काय, युरोपातही कुणी पाहिला नव्हता. आपला जुना भोपळा म्हणजे दुध्याच्या कुळातला. त्याचा तुंबा करायचा, तो पाठीला बांधून पोहायला शिकायचे, मिरजेला त्याचाच तंबोरा करायचा. नवे फळ आले आणि जुन्याचेच नाव घेऊन बसले. गोव्यात तर लाल भोपळ्यालाच 'दुदी' म्हणतात! जाता जाता एक गंमत सांगते. बटाटा, रताळे, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद, राजगिरा, हिरवी मिरची आणि लाल भोपळा ही सगळी मंडळी अमेरिका खंडातून आलेली. म्हणजे आपला एकादशीचा फराळ जवळजवळ संपूर्ण परदेशी आहे. सोवळ्याओवळ्याचा आग्रह धरणाऱ्या आमच्या एका नातलग बाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की... असो.

तर मूळ गोष्ट मेक्सिकोत सुरू होते. तिथल्या ओआहाका प्रांतात गिला नाकित्झ नावाची एक लहानशी गुहा आहे. १९६६ मध्ये केंट फ्लॅनरी यांनी तिथे उत्खनन केले आणि त्यात भोपळ्याच्या बिया, देठ आणि सालीचे तुकडे मिळाले. पुढे १९९७ मध्ये ब्रूस स्मिथ यांनी त्यांचे वय नव्या पद्धतीने तपासले, तेव्हा लागवडीच्या भोपळ्याचा पुरावा सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा निघाला. म्हणजे मक्याच्याही आधीचा. (हा भोपळा बटरनटचा चुलत भाऊ, वेगळ्या जातीचा. अमेरिका खंडात भोपळ्याच्या निरनिराळ्या जाती निरनिराळ्या ठिकाणी माणसाळवल्या गेल्या.)

पण रानटी भोपळा खाण्यासारखा नव्हताच. चेंडूएवढे फळ, पातळ गर आणि जहर कडू. कधी कडू निघालेला दुधी चुकून तोंडात गेला असेल तर कल्पना येईल; तेच द्रव्य यातही असते आणि जास्त प्रमाणात पोटात गेले तर घातक ठरते. मग अशा फळाच्या वाटेला कोण जात होते? तर हत्तीसारखे प्रचंड प्राणी. मॅस्टोडॉन या नामशेष प्राण्याच्या हजारो वर्षे जुन्या शेणात रानभोपळ्याच्या बिया सापडल्या आहेत. एवढ्या मोठ्या जनावराला कडूपणाची फारशी क्षिती नसावी. ते फळ खायचे आणि बिया दूरवर टाकायचे. हिमयुगाच्या शेवटी हे प्राणी संपले आणि भोपळ्याचा वाली गेला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे मांडले आहे की त्यानंतर रानटी जाती घटत गेल्या, आणि माणसाने हाताशी धरल्या त्याच पसरल्या.

माणसाने त्या धरल्या त्या मुख्यतः बियांसाठी. गर टाकून द्यायचा, बिया खायच्या, वाळलेल्या कवचाचे भांडे करायचे. मग कधीतरी एखाद्या वेलाला कमी कडू फळ लागले असेल. कुणीतरी ते चाखले, त्याच्या बिया वेगळ्या ठेवल्या, पुढच्या पावसाळ्यात त्याच लावल्या. असे किती पिढ्या चालले असेल! गर जाड झाला, कडूपणा गेला, गोडी आली. नुसत्या तेल-मिठावर भोपळा चविष्ट लागतो तो या निवडीमुळे.

पुढे हे पीक हळूहळू उत्तरेकडे सरकले. आजच्या न्यूयॉर्क राज्याच्या भागात राहणारे हौडेनोसॉनी लोक (इंग्रजी पुस्तकांत यांना इरोक्वॉय म्हणतात) मका, घेवडा आणि भोपळा यांना 'तीन बहिणी' म्हणतात. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो, घेवडा जमिनीला नत्र देतो, आणि भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून तण दाबतात, ओल धरून ठेवतात. आपल्याकडे ज्वारीत तूर पेरणाऱ्याला यातले काही समजावून सांगायला नको. शेती बायकांच्या हाती असे, आणि बियाणेही.

'स्क्वॉश' हा शब्दही मूळ रहिवाशांचाच. रॉजर विल्यम्स याने १६४३ मध्ये नॅरागान्सेट लोकांच्या भाषेवर पुस्तक लिहिले, त्यात 'आस्कुटास्क्वॉश' असा शब्द नोंदवला आहे. अर्थ साधारण 'हिरवे, कच्चे खायचे ते'. इंग्रजांच्या जिभेला एवढा शब्द पेलला नाही; त्यांनी शेपूट तेवढे ठेवले.

जमिनीचेही तसेच झाले. १७७९ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या हौडेनोसॉनी जमातींवर जॉर्ज वॉशिंग्टनने जनरल सलिव्हनला पाठवले. हुकूम होता वस्त्या आणि उभी पिके नष्ट करण्याचा. चाळीस गावे जाळल्याचे आणि एक लाख साठ हजार बुशेल मका नष्ट केल्याचे सलिव्हनने स्वतःच कळवले. सैनिकांच्या रोजनिशींत घेवडा आणि भोपळ्यांनी भरलेल्या शेतांची वर्णने आहेत. त्या समृद्धीचे कौतुक करायचे आणि मग तिला आग लावायची! पाठोपाठ भयंकर कडाक्याचा हिवाळा आला, आणि नायगरा किल्ल्याच्या आश्रयाला गेलेल्यांपैकी किती तरी जण थंडीने आणि उपासमारीने गेले.

मला मात्र या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळची वाटली ती एक म्हातारी. ती हिडात्सा जमातीची होती. या लोकांची वस्ती अमेरिकेच्या उत्तर टोकाला, आजच्या नॉर्थ डाकोटा राज्यात, मिझुरी नदीच्या काठी. इंग्रजीत तिचे नाव बफेलो बर्ड वूमन. जन्म १८३९ च्या सुमाराचा. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८३७ मध्ये, देवीच्या साथीने या नदीकाठची गावेच्या गावे ओस पाडली होती. उरलेल्यांनी १८४५ मध्ये नदीच्या वळणावर एकत्र नवे गाव वसवले. त्या गावात ती वाढली.

म्हातारपणी, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, तिने आपली सगळी शेती गिल्बर्ट विल्सन नावाच्या एका पाद्र्याला तपशीलवार सांगितली. तिला इंग्रजी येत नव्हते; मुलगा भाषांतर करी. विल्सनने ते सारे लिहून घेतले, मिनेसोटा विद्यापीठाला प्रबंध म्हणून दिले आणि डॉक्टरेट मिळवली. १९१७ मध्ये ते पुस्तकरूपाने छापले गेले. लेखक म्हणून नाव अर्थातच विल्सनचे. (माणूस प्रामाणिक होता. तिचे बोलणे त्याने तिच्याच तोंडी ठेवले आहे, म्हणून तर ते आज वाचावेसे वाटते.)

भोपळ्याबद्दल ती काय काय सांगते! बी तसेच पेरायचे नाही. ओलसर गवत आणि पाने यांत मिसळून बायसनच्या कातड्यात गुंडाळायचे आणि चुलीच्या उबेला टांगून ठेवायचे. मोड आले की मातीच्या उंचवट्यावर, पण माथ्यावर न लावता उताराच्या कडेला लावायचे, कारण माथ्यावरची माती पावसाने थापली जाऊन कडक होते. आपण मटकीला मोड आणतो तीच तऱ्हा, फक्त पेरणीसाठी. कोवळी फळे जेमतेम चार दिवसांची असताना तोडायची, बायसनच्या खांद्याच्या हाडापासून केलेल्या सुरीने त्यांच्या चकत्या करायच्या, वाळुंजाच्या काड्यांत ओवून माचावर वाळवायच्या. बियाण्याची फळे मात्र वेलावरच पूर्ण पिकू द्यायची.

मग साठवण. त्यासाठी जमिनीत पेव! आपल्याकडे ज्वारीचे असे तसेच. कडेने मक्याच्या कणसांच्या वेण्या रचायच्या, आत सुटे दाणे ओतायचे, आणि वाळलेला भोपळा अगदी मधोमध पुरायचा, म्हणजे भिंतीची ओल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे ओल लागून बिघडण्याची भीती जास्त कोणाची, तर भोपळ्याची. लहान मुली रंगीबेरंगी भोपळे निवडून पाठीवर बाळासारखे बांधून हिंडत, हेही ती सांगते. भोपळ्याची बाहुली! तिची एक आजी होती, कासव नावाची. गावात लोखंडी अवजारे आली तरी ती हाडाचेच खोरे वापरी. अशी एखादी आजी आपणा सर्वांच्याच घरात होऊन गेली आहे.

हे सगळे ज्या जमिनीवर चाले ती नदीकाठची मऊ गाळाची पट्टी. वरच्या माळावर गवताच्या मुळांनी जमीन इतकी विणलेली की हाताच्या अवजाराला दाद देत नसे. त्यामुळे शेती म्हणजे नदीकाठ, दुसरे काही नाही. बफेलो बर्ड वूमन १९३२ मध्ये वारली.

यानंतरच्या दशकात दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेच्या दोन टोकांना घडल्या आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला त्या शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. एक म्हणजे १९४० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या स्टो गावी चार्ल्स लेगेट नावाच्या गृहस्थाने बटरनट तयार केला असे मानले जाते. लांबट, गुळगुळीत, चिरायला सोपा, बिया एका टोकाला गोळा झालेल्या. आज ओव्हनमध्ये जातो तो हाच. वाण चांगलाच आहे, त्यात वाद नाही, आणि लेगेटचे नाव राहिले याचेही बरेच वाटते. त्या आधी, एकोणिसाव्या शतकात, हबर्ड नावाचा भोपळाही असाच एलिझाबेथ हबर्ड या बाईंच्या नावाने बाजारात आला होता. पण त्यांच्या हाती जे बी आले ते गोड करून ठेवणाऱ्यांची नावे कोणत्याच बियाण्याच्या पुडीवर नाहीत.

दुसरी गोष्ट मिझुरी नदीवरच्या गॅरिसन धरणाची. हिडात्सा, मँडन आणि अरिकारा या तीन जमातींची नदीकाठची जमीन त्यात जाणार होती. त्यांनी विरोध केला, पर्यायी जागाही सुचवली. उपयोग झाला नाही. २० मे १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये करारावर सह्या झाल्या. त्या वेळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. टेबलाभोवती सुटाबुटातले अधिकारी उभे आहेत, मंत्री सही करतो आहे, आणि जमातीचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट चष्मा काढून, तोंडावर हात धरून रडत आहेत. १९५३ मध्ये पाणी अडले. दीड लाख एकरांहून अधिक जमीन बुडाली. तीनशेहून अधिक कुटुंबे उठून वरच्या माळावर गेली, तिथलीच ती गवताने विणलेली जमीन. शाळा, दवाखाना, सारे एल्बोवुड्स गाव पाण्याखाली गेले, आणि म्हातारीचे नदीच्या वळणावरचे गावही. कोयनेच्या आणि उजनीच्या काठच्या माणसांना यापेक्षा अधिक काही सांगायची गरज नाही. त्यांच्यासाठी आपल्या भाषेत 'धरणग्रस्त' असा स्वतंत्र शब्दच आहे.

पुस्तक मात्र उरले. १९८७ मध्ये ते पुन्हा छापले गेले, आणि या वेळी शीर्षकात तिचे नाव आले: 'बफेलो बर्ड वूमन्स गार्डन'. मूळ १९१७ ची आवृत्ती इंटरनेटवर फुकट वाचायला मिळते. इंग्रजी सोपे आहे, माझ्यासारख्या मराठी माध्यमवालीलाही अडत नाही. नातवंडांना सांगून शोधून घ्या आणि भोपळ्याचे प्रकरण आधी वाचा. भोपळ्याच्या चकत्या वाळवायची रीत आकृत्यांसह दिली आहे. आमच्या गच्चीवर या उन्हाळ्यात ती करून पाहायचे मी ठरवले आहे, फक्त बायसनचे हाड कुठून आणायचे तेवढे कुणीतरी कळवा!