हळदीच्या खटल्यातली उर्दू साक्ष

आमच्या वाशिम जिल्ह्यात, विशेषतः रिसोडच्या बाजूला, सोयाबीनइतकीच आता हळदीच्या भावाची चर्चा असते. शाळेत एखादं मूल गुडघा फोडून आलं, तर घरी काय लावलं हे विचारावं लागत नाही, जखम पिवळी दिसते. ही साधी गोष्ट एकदा अमेरिकेत सिद्ध करावी लागली होती आणि तिच्या पुराव्यांत उर्दू मजकूरही होता. हे दुसरं सहसा कोणी सांगत नाही.

मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं. ते हळदीवर नव्हतं, जखम भरण्यासाठी तिच्या वापरावर होतं. भाषणांत हा फरक हरवतो. सीएसआयआरचे तेव्हाचे महासंचालक, मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्याला आव्हान दिलं. अडचण अशी, की परदेशातला नुसता घरगुती वापर तिथल्या कायद्यात मोजला जात नव्हता. छापील मजकूर हवा होता. दादी-नानीचं बोट तिथे चालणार नव्हतं. संस्कृत, हिंदी आणि उर्दूतले संदर्भ धरून एकूण ३२ कागद जमले. काही शंभर वर्षांहून जुने होते. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

उर्दू तिथे पोहोचली ती हकिमांमुळे. अरबी-फारसीतलं तिब्ब त्यांनी उर्दूत आणलं, छापखान्यांनी ते घरोघरी पोहोचवलं. हळदीचं फारसी नाव ‘ज़र्द चोब’, म्हणजे पिवळं लाकूड. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचं काम सुरू झालं, त्यात आयुर्वेदासोबत युनानी ग्रंथही घेतले गेले. उर्दू म्हणजे फक्त शेरोशायरी समजणाऱ्यांनी हे ऐकावं. आणि दादांच्या ट्रंकेतली तिब्बची किताब ‘आता वाचणार कोण’ म्हणत रद्दीत घालणाऱ्या आपल्या लोकांनीही.

मात्र पेटंट रद्द झालं म्हणून हळद सर्व रोगांवरचं औषध ठरली नाही. करक्युमिन हे तिच्यातलं द्रव्य १८१५ मध्ये वेगळं केलं गेलं. हळदीत ते साधारण तीन टक्के असतं आणि पोटातून रक्तात फारच थोडं जातं. मिरीसोबत जरा जास्त. गुडघेदुखीवर छोट्या चाचण्यांत थोडा आराम दिसला आहे. पण २०१७ मध्ये जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत आलेल्या आढाव्याचा सूर स्पष्ट होता: प्रयोग हजारो झाले, ठोस यश नाही. करक्युमिनच्या तीव्र गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. आणि आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅप वाचून शुगरची गोळी सोडणारे आहेत!

जुन्या युनानी किताबात प्रत्येक दव्याखाली मिज़ाज लिहिलेला असे, खुराक किती ते असे, आणि ‘मुज़िर’ या शब्दापुढे ती कोणाला बाधते तेही. फॉरवर्ड होऊन येणाऱ्या मेसेजमध्ये ती ओळ मला अजून दिसलेली नाही.