शाळा, घर आणि लेखणी : मध्यमवर्गीय मुलींच्या खासगी शाळेचा तौलनिक विचार

भारतीय भाषांतील स्त्रीलेखनाचा इतिहास मांडताना मुलींच्या शाळेची स्थापना हे कारण आणि स्त्रीचे आत्मकथन हे तिचे फलित, असा अन्वय बहुधा गृहीत धरला जातो. बंगाली आणि मराठी ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली असता हा अन्वय टिकत नाही. तो का टिकत नाही, याचा शोध घेऊ लागलो की ‘मध्यमवर्गीय मुलींची खासगी शाळा’ या संस्थेचे खरे स्वरूप उलगडू लागते.

कलकत्त्यात 7 मे 1849 रोजी ड्रिंकवॉटर बेथून यांनी 21 मुलींना घेऊन शाळा उघडली. जागा दक्षिणारंजन मुखर्जी यांची होती. पंडित मदनमोहन तर्कालंकार यांनी आपल्या दोन मुली तेथे घातल्या आणि ‘शिशुशिक्षा’ ही वाचनमालाही रचली. प्रवेश प्रतिष्ठित हिंदू कुटुंबांतील मुलींनाच होता. बेथून 1851मध्ये निवर्तले आणि 1856मध्ये शाळा सरकारच्या हाती गेली. खासगी पुढाकारातून जन्मलेली ही शाळा अशा रीतीने सात वर्षांत सरकारी झाली.

पुण्याचा क्रम निराळा आहे. सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी 1848मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. मुंबईत ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’च्या मुलींच्या शाळा 1849पासून सुरू झाल्या. माध्यमिक शिक्षणाचा टप्पा मात्र 1884मध्ये आला. न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर प्रभृतींनी त्या वर्षी मुलींचे हायस्कूल स्थापन केले. पेशव्यांच्या पागेच्या जागेवरून पुढे ‘हुजूरपागा’ हेच त्याचे नाव रूढ झाले. ही शाळा समितीच्या हाती राहिली. देणग्या, फी आणि सरकारी अनुदान यांवर ती चालली आणि म्हणूनच पालकवर्गाच्या मताला बांधलेली राहिली.

या बांधिलकीचा अर्थ 1887च्या सुमारास ‘केसरी’तून झालेल्या टीकेत स्पष्ट होतो. टीकेचा रोख शिक्षणाच्या तत्त्वापेक्षा अभ्यासक्रमावर आणि वेळापत्रकावर अधिक होता. मुलीचा सारा दिवस शाळेने घेतला तर घरकाम ती केव्हा शिकणार, इंग्रजीचा तिला उपयोग काय, हे प्रश्न विचारले गेले. आगरकरांची भूमिका याच्या अगदी उलट होती. मुलामुलींना एकच शिक्षण, तेही एकत्र द्यावे, असे ते प्रतिपादीत. वादाचा विषय वरकरणी शाळेच्या तासांचा असला, तरी मुलीच्या वेळेवर मालकी कोणाची, हाच त्याचा गाभा होता.

आता लेखनाकडे वळू. बंगालीतील पहिले स्त्री-आत्मचरित्र, राससुंदरी देवी यांचे ‘आमार जीबन’ (1876), शाळेचे तोंडही न पाहिलेल्या, स्वयंपाकघरात चोरून अक्षरओळख करून घेतलेल्या गृहिणीचे आहे. मराठीत ‘स्त्रीपुरुषतुलना’ (1882) लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे घरीच शिकल्या. ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ (1910) लिहिणाऱ्या रमाबाई रानडे यांचे गुरू त्यांचे पतीच होते. मुलींच्या हायस्कुलासाठी हिराबागेत भरलेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरांपुढे इंग्रजी मानपत्र वाचले आणि घरी परतल्यावर वडीलधाऱ्या बायकांची बोलणी ऐकली. शाळेच्या उभारणीचा हा अनुभव आपल्याला शाळेबाहेरच्या स्त्रीकडून कळतो, ही गोष्ट सूचक आहे.

शाळकरी मुलीच्या लेखणीतून उतरलेला मजकूर मराठीत याआधीच प्रकट झाला होता. 1855मध्ये ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे हिचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. ती फुल्यांच्या शाळेतील मातंग समाजातील विद्यार्थिनी. वर्गाची भाषा वापरून जातीची सीमा आखणाऱ्या मध्यमवर्गीय शाळेने तिला सामावून घेतले नसते. शाळेने मुलीला लिहिते केले, या विधानाचा मराठीतील सर्वांत सबळ पुरावा असा मध्यमवर्गीय शाळेच्या बाहेर सापडतो. वाङ्मयेतिहासाने तो दीर्घकाळ परिशिष्टात ठेवला.

मग मध्यमवर्गीय शाळेने काय घडवले? याचे उत्तर पुढच्या पिढीत मिळते. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (1889) आणि धोंडो केशव कर्वे यांचे अनाथ बालिकाश्रम (1896) यांनी विधवेच्या प्रश्नापासून आरंभ केला. कर्व्यांच्या संस्थेतून 1907मध्ये महिला विद्यालय आणि 1916मध्ये महिला विद्यापीठ निघाले. या साखळीने मिळवती स्त्री घडवली. तिला नोकरीही बहुधा मुलींच्या शाळेतच मिळे. हिंगण्यात शिकलेल्या बाळूताई खरे यांनी ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने 1933मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले. त्यातील शिकलेली थोरली मुलगी पगार मिळवते; तिच्या पगारावर घर चालते म्हणून तिच्या लग्नाचा विषय मागे पडत जातो. जे घर एकेकाळी तिच्या शिक्षणाचे तास मोजत होते, तेच आता तिच्या मिळकतीवर हक्क सांगते. लेखिकेला टोपणनाव घ्यावे लागले आणि ते कोणाचे, यावर महाराष्ट्रभर गदारोळ झाला, यावरून शाळेने दिलेल्या मोकळिकीची मर्यादा कळते.

तरीही शाळेचे श्रेय नाकारता येत नाही. ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावती कर्वे शालेय शिक्षणासाठी हुजूरपागेत आल्या. ‘युगान्त’ (1967) लिहिताना त्यांनी महाभारताकडे ज्या निर्भय बुद्धीने पाहिले, तिच्यामागे मुलीने घरापासून दूर राहून पूर्णवेळ शिकण्याची ही शक्यता उभी आहे. 1887मधील वाद नेमका याच शक्यतेविषयी होता.

तात्पर्य, शाळेच्या स्थापनेचे वर्ष आणि ग्रंथाच्या प्रकाशनाचे वर्ष जोडून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तौलनिक अभ्यासाने शाळेचा प्रवेशनियम, तिचे वेळापत्रक आणि तिचा खर्च उचलणारा वर्ग यांनाही वाङ्मयीन साधने मानावे. कोणाला लिहिता येईल, केव्हा आणि कोणत्या नावाने, हे त्यांनीच बऱ्याच अंशी ठरवले. तसे वाचले तर राससुंदरी, मुक्ता आणि विभावरी या तिघी एका सरळ प्रगतीच्या पायऱ्या उरत नाहीत. एकाच प्रश्नाला तीन ठिकाणांहून दिलेली उत्तरे ठरतात.