सोम म्हणजे मशरूम? जरा दमानं घ्या, पोरांनो

परवा टपरीवर एका पोरानं मोबाईल पुढं केला. "काका, ऋषी जो सोम प्यायचे ना, ते मॅजिक मशरूम होतं. आपल्याकडं शेणावर उगवतं तेच!" व्हिडिओला लाईक भरपूर, म्हणून लिहितोय.

ही कल्पना १९६८ साली पुस्तक लिहून मांडली ती गॉर्डन वासन या न्यूयॉर्कच्या बँकवाल्यानं. त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. ऋग्वेदाचं अख्खं नववं मंडल, ११४ सूक्तं, सोमाचं. पण त्यात मूळ, पान, फूल यांचं वर्णन नाही, असं तो म्हणे. मग भूछत्रच! फक्त त्यानं धरलेलं भूछत्र लाल टोपीचं, पांढऱ्या ठिपक्यांचं. ते थंड मुलखात भूर्ज, चीड असल्या झाडांच्या मुळांशी जगतं. आपल्या काळ्या रानात ते येणार कुठून? शेणावरची कुत्र्याची छत्री वेगळीच. व्हिडिओवाल्यानं दोन्ही एकात कालवलंय.

आता आपल्याकडचं बघा. सोमयाग म्हटलं की जिल्ह्यात गंगाखेडचं नाव निघतं. दख्खनचे याज्ञिक सोम म्हणून वापरत आले ती रानशेर, म्हणजे सोमवेल. तिलाही पानं नसल्यासारखीच, मोडली की पांढरा चीक. पुण्यात संस्कृत शिकवणारा जर्मन पंडित मार्टिन हाउग यानं इथल्या याज्ञिकांकडचा रस स्वतः चाखला होता. कडू, तुरट, थोडी झिंग आणणारा, पण काही चमच्यांपुढं घशाखाली उतरेना, असं त्यानं १८६३ च्या ग्रंथात नोंदवलंय.

अर्थात ही वेलही मूळ सोम नव्हे. सोम मिळाला नाही तर पूतीक वापरा, असं ब्राह्मणग्रंथांतच सांगितलंय. म्हणजे मूळ वनस्पती तेव्हाच दुर्मिळ झाली होती. पुण्याचे चिं. ग. काशीकर यांनी १९९० साली एफेड्रा या डोंगराळ झुडपाच्या बाजूनं कौल दिला. पारशी लोक हओमाच्या विधीत तेच वापरतात. मला हेच पटतं. वेदातला सोम दगडानं कुटून, लोकरीच्या गाळणीतून गाळायचा. मऊ छत्रीला कुटायला दगड कशाला लागतो?

पोरगं म्हणालं, "मग खाऊन बघितलं तर?" त्याला सांगितलं, आपल्या म्हाताऱ्या वारुळावरची अळंबी पारखून घेतात, शेणावरचीला हात लावत नाहीत. विषारी कोणती, हे फोटोवरून कळत नाही. आणि ज्या सायलोसायबिनची तुला हौस आहे, ते १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात बंदीच्या यादीत आहे.

गंगाखेडचा सोमयाग पाहिलेलं कुणी इथं असेल, तर वेल कुठून आणली होती ते कमेंटमध्ये लिहा.